दुष्फेन पाण्याचा हिशेब

सदाशिव पेठेतले ३२ वर्षांचे बिऱ्हाड हलवून आम्ही वाघोलीला मुलाकडे राहायला आलो, तेव्हा सोबत आणलेल्या सामानात सर्वांत आधी बिघडला तो २५ लिटरचा गीझर. पेठेत त्याने नऊ वर्षे कधी कुरकुर केली नव्हती. इथे अकराव्या महिन्यात त्याचे एलिमेंट जळाले. दुरुस्तीला आलेल्या मुलाने टाकीचे खालचे झाकण उघडले, तेव्हा आधी गढूळ पाणी आले आणि मग अंड्याच्या जाड टरफलासारखे पांढरट-पिवळे खपले बादलीत पडू लागले. "काकू, बोअरचं पाणी आहे, क्षार धरणारच," असे म्हणून त्याने साडेबाराशे रुपये घेतले आणि जाता जाता पाणी मऊ करणारे यंत्र, म्हणजे सॉफ्टनर, बसवून देणाऱ्या एका ओळखीच्या माणसाचा नंबर माझ्या हाती ठेवला. ते खपले मी टाकून दिले नाहीत. उन्हात वाळवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले, तर ६४० ग्रॅम भरले. आयुष्यभर बँकेत खतावण्या तपासल्याने जडलेली ही खोड आहे. जे मोजता येते ते मोजल्याशिवाय मला पुढचे काही सुचत नाही.

शाळेच्या पुस्तकात या पाण्याला 'दुष्फेन' म्हटलेले होते आणि साबणाचा भरपूर फेस होतो त्याला 'सुफेन'. बोलण्यात हे शब्द कोणी वापरत नाही; आपण 'जड पाणी' म्हणतो, 'क्षाराचे पाणी' म्हणतो, चवीवरून बोलायचे असेल तर 'मचूळ' म्हणतो. पण दुष्फेन हा शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण पाण्याची तक्रार नेमकी काय आहे ते तो सांगतो. देशावरच्या गावांत याहून सोपी परीक्षा होती. अमक्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजते आणि तमक्या विहिरीच्या पाण्यात शिजत नाही, हे घरोघरी ठाऊक असे आणि डाळीपुरती एक घागर लांबून आणली जाई. त्यात अंधश्रद्धा काही नाही. डाळीच्या दाण्यातील पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन पाण्यातील कॅल्शियमशी बांधले जाते, मग दाणा फुटत नाही. माझ्या सासूबाई चिमूटभर सोडा टाकत, आणि दर पंधरवड्याला तांब्याचा बंब आतून चिंचेच्या कोळाने घासून घेत. आंबट पदार्थाने हा थर विरघळतो, हे त्यांना रसायनशास्त्राशिवाय माहीत होते.

पाणी जड होते ते त्यात विरघळलेल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे. पावसाचे पाणी जमिनीतून खाली जाताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेते, किंचित आम्ल होते आणि खडकाला हळूहळू विरघळवत जाते. आपल्या पायाखालचा बेसॉल्ट म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा खडक. त्यातील मुख्य खनिजांत कॅल्शियम आहे, मॅग्नेशियमही आहे. कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे त्या खडकाच्या भेगांत मुरलेले पाणी कूपनलिका वर खेचते. पेठेत आम्ही जे पाणी पीत होतो ते मात्र सह्याद्रीच्या माथ्यावर पडून पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या धरणांत साठलेले पावसाचे पाणी होते. खडकाशी त्याचा सहवास फारच थोडा. वाघोली २०२१ साली पुणे महापालिकेत आली, पण आमच्या सोसायटीच्या टाकीपर्यंत महापालिकेचा नळ अजून आलेला नाही. आमच्याकडे दोन कूपनलिका आहेत आणि त्या पुरत नाहीत म्हणून टँकर आहेत. हे टँकर आणखी कुठल्या तरी विहिरीचे पाणी आणतात, त्यामुळे टाकीत नेमके काय मिसळले आहे ते दर आठवड्याला बदलते.

सॉफ्टनरवाल्या माणसाला बोलावण्याआधी मी पाणी प्रयोगशाळेत तपासून घेतले. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, खासगीही आहेत. शुल्क किरकोळ असते. अहवालात बऱ्याच ओळी येतात, त्यांतील 'एकूण काठिण्य', म्हणजे पाण्याचा जडपणा, ही ओळ आपल्या कामाची. ते कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात, मिलिग्रॅम प्रति लिटर असे लिहिलेले असते. आमच्या नळाचे ४२० आले, एका कूपनलिकेचे ५४०. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या २०१२ च्या भारतीय मानकात स्वीकार्य मर्यादा २०० आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेण्याची मुभा आहे. म्हणजे आमचे पाणी कायद्याने वाईट नव्हते, पण वापरायला त्रासदायक होते. सर्वसाधारण वर्गवारीत १८० च्या वरचे पाणी 'अतिशय जड' मानले जाते. नंतर मी थेंब मोजून काठिण्य काढण्याचा साधा संच विकत आणला आणि एका रविवारी पेठेत बहिणीकडे गेले असताना तिच्या नळाचे पाणी तपासले. ते ५० च्या आसपास निघाले. आमच्या त्या गीझरला नऊ वर्षे काही झाले नाही, याचे सगळे रहस्य त्या एका आकड्यात होते.

या संचाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण सर्व फसवाफसवीचे मूळ तो नसण्यात आहे. पाण्याच्या नमुन्यात रंगसूचक टाकला की पाणी जड असल्यास ते दारूसारखे तांबडे होते, मऊ असल्यास थेट निळे. मग बाटलीतून एकेक थेंब टाकायचा. ज्या थेंबाला तांबड्याचे स्वच्छ निळे होईल, तिथे थांबायचे आणि थेंबांच्या संख्येवरून काठिण्य काढायचे. प्रयोगशाळेतही मुळात हीच पद्धत असते. विक्रेते मात्र टीडीएसचे पेन घेऊन येतात. ते पेन पाण्यातून वीज किती वाहते यावरून विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज देते. त्यात साधे मीठही आले, कॅल्शियमही आले, सोडियमही आले. आमच्याकडे आलेल्या पहिल्या विक्रेत्याने पेन बुडवून ७८० दाखवले आणि सॉफ्टनर बसवल्यावर हा आकडा १०० च्या खाली जाईल, असे ठासून सांगितले. हे केवळ असत्य आहे. सॉफ्टनर क्षार काढत नाही, फक्त बदलतो. त्यामुळे टीडीएस तितकाच राहतो, उलट किंचित वाढतोच. दुसऱ्याने दोन ग्लासांत धातूच्या सळ्या सोडून वीज चालू केली, आणि मिनिटभरात आमच्या पाण्यात तपकिरी गाळ तरंगू लागला. "बघा, हे तुम्ही पिता," तो म्हणाला. तो गाळ सळईच्या लोखंडाचा असतो. ज्या पाण्यात क्षार अधिक त्यातून वीज अधिक वाहते आणि सळई अधिक झिजते, एवढाच त्याचा अर्थ. मी त्याला चहा दिला आणि रवाना केले.

आता जड पाण्याने नेमके नुकसान काय होते, ते पाहू. पहिले साबणाचे. साबणातील मेदाम्ल कॅल्शियमला जाऊन चिकटते आणि न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला, फरशीवर आणि केसांत जो राखाडी थर बसतो तो हाच. रासायनिक हिशेबाने १ ग्रॅम काठिण्य जवळजवळ ६ ग्रॅम साबण फुकट खाते. आमच्या २० लिटरच्या बादलीत साडेआठ ग्रॅमच्या आत काठिण्य होते, म्हणजे त्या संपूर्ण बादलीला फेस आणायचा झाला तर पहिला ५० ग्रॅम साबण नुसता साक्यात गेला असता. आपण संपूर्ण बादली फेसाळत नाही, म्हणून प्रत्यक्ष नासाडी पुष्कळ कमी असते. तरी अंगाला साबण लागत नाही आणि लागलेला निघत नाही, ही भावना त्यातूनच येते. शाम्पू आणि कपड्यांच्या पावडरी कृत्रिम द्रव्यांच्या असतात, त्यांचा असा साका होत नाही. तरी पावडरीतील काही भाग पाणी मऊ करण्यातच खर्च होतो आणि म्हणून जड पाण्याला पावडर अधिक लागते. आजीच्या वेळचा धुण्याचा सोडा हेच काम उघडपणे करत असे.

दुसरे नुकसान गरम पाण्याचे, आणि खरा प्रश्न इथेच आहे. काठिण्याचा जो भाग बायकार्बोनेटच्या रूपात असतो तो पाणी तापले की खाली बसतो. शाळेत याला तात्पुरते काठिण्य म्हणत. थंड पाण्याच्या नळात, फ्लशच्या टाकीत थर बसतो तो सावकाश, वर्षानुवर्षांनी. गीझरमध्ये तो रोज बसतो. आमच्या गीझरमधून ११ महिन्यांत साधारण २०,००० लिटर पाणी गेले असेल. त्यात ८ किलोहून अधिक काठिण्य होते आणि त्यातील ६४० ग्रॅम टाकीत राहिले, बाकीचे आमच्या अंगावरून वाहून गेले. पाणी जितके अधिक तापवावे तितका थर भराभर धरतो, म्हणून थर्मोस्टॅट ७० वर ठेवून नंतर त्यात थंड पाणी मिसळण्याची आमची पेठेतील सवय इथे अंगाशी आली. ५० ते ५५ अंशांवर काम भागते, आणि हा उपाय फुकटचा आहे.

विक्रेते या ठिकाणी विजेच्या बिलाचा मुद्दा काढतात: थर बसला की वीज ३० टक्के जास्त लागते, सॉफ्टनर स्वतःची किंमत स्वतः वसूल करतो, वगैरे. विजेच्या गीझरपुरते हे मला कधीच पटले नाही. एलिमेंट पाण्यातच बुडालेले असते. थरामुळे ते स्वतः अधिक तापते आणि लवकर जळते हे खरे, पण त्यातून निघालेली उष्णता पाण्याखेरीज जाणार कुठे? २००९ साली अमेरिकेतील बॅटेल या संस्थेने तेथील जलशुद्धीकरण उद्योगाच्या संघटनेसाठी जो अभ्यास केला, त्यातही विजेच्या हीटरची कार्यक्षमता जड पाण्यावर टिकून राहिलेली दिसली. घटली ती गॅसच्या हीटरची. गॅसवर ज्योत बाहेर असते, थरामुळे उष्णता आत शिरत नाही आणि धुराड्यावाटे निघून जाते. तेव्हा गॅस गीझर असलेल्यांनी इंधनाची बचत हिशेबात धरावी. विजेच्या गीझरवाल्यांनी फक्त एलिमेंटचे आणि टाकीचे आयुष्य धरावे.

आरोग्याचे भय घालणारे तर पावलोपावली भेटतात. पाण्याच्या काठिण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा घातलेली नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला हवेच असतात. जड पाण्याने मुतखडा होतो ही समजूत घराघरांत पक्की आहे, पण मुतखडा होणाऱ्याला डॉक्टर पहिला सल्ला देतात तो पाणी भरपूर पिण्याचा. त्वचेच्या बाबतीत इंग्लंडमध्ये एक चांगला प्रयोग झाला. इसबाचा त्रास असलेल्या ३३६ मुलांपैकी निम्म्यांच्या घरी १२ आठवडे सॉफ्टनर बसवला, निम्म्यांच्या घरी नाही. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि सॉफ्टनरने इसब अधिक बरा झाला असे आढळले नाही. माझ्या सुनेचे केस वाघोलीला आल्यावर राठ झाले, हे मी नाकारत नाही. केसांवर साका बसतो आणि ते राठ लागतात. पण राठ होणे आणि गळणे या दोन गोष्टी आहेत, आणि जाहिरातीत त्या मुद्दाम एक केलेल्या असतात.

सॉफ्टनरचे काम समजायला एकदम सोपे आहे. उभ्या नळकांड्यात मोहरीहून लहान, सोनेरी-तपकिरी मण्यांचे रेझिन भरलेले असते. या मण्यांनी आपल्या अंगाशी सोडियम धरलेला असतो. जड पाणी त्यांतून जाताना मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मण्यांचा सोडियम संपला की त्यांच्यातून मिठाचे दाट पाणी सोडायचे. मग देवाणघेवाण उलटी होते, कॅल्शियम गटारात जातो आणि मणी पुन्हा तयार होतात. हे रेझिन गेल्या शतकाच्या मध्यातले. त्याआधी, १९०५ च्या सुमारास रॉबर्ट गान्स या जर्मन रसायनज्ञाने पहिले व्यावहारिक सॉफ्टनर केले ते झिओलाइट जातीच्या कृत्रिम खनिजाचे. गंमत अशी की नैसर्गिक झिओलाइटसाठी जगभरचे खनिजसंग्राहक ज्या गावांची नावे घेतात, त्यांत पुण्याच्या आसपासच्या खाणी येतात, आणि खुद्द वाघोलीच्या खाणीतील निळेशार कॅव्हन्साइट तर साऱ्या जगात नावाजलेले आहे. त्या नावातले पहिले अक्षर कॅल्शियमचे. ज्या खडकाने आमचा गीझर बुजवला, त्याच्याच पोकळ्यांत ही रत्ने धरतात! मी नातवाला हे सांगितले तर त्याने खाणीत जायचा हट्ट धरला. खाणीच्या जागी आता इमारती आहेत.

मुख्य हिशेब असा. एक लिटर रेझिन व्यवहारात साधारण ५० ग्रॅम काठिण्य धरते आणि त्याला पुन्हा ताजे करायला १५० ग्रॅमच्या आसपास मीठ लागते. आमचे पाणी ४२० चे, म्हणजे दर हजार लिटरला ४२० ग्रॅम. एक लिटर रेझिनवर १२० लिटरही धड होत नाहीत. हा एक आकडा लक्षात ठेवला की शॉवरला किंवा नळाला लावायच्या त्या मुठीएवढ्या 'हार्ड वॉटर फिल्टर'चे बिंग फुटते. त्यात पाव लिटर रेझिन आहे असे धरले, तरी दीड बादलीत ते संपले. आणि बहुतेकांत रेझिन नसून क्लोरीन काढणारा कोळसा किंवा धातूचे दाणे असतात, ज्यांचा काठिण्याशी काही संबंध नाही. नळावर गुंडाळायची चुंबके आणि विजेच्या तारा पाण्यातून कॅल्शियमचा एक कणही काढत नाहीत. थर कमी धरतो असा त्यांचा दावा असतो, पण संचातील पाणी तांबड्याचे निळे होत नाही. मी त्यांच्यावर पैसे घातले नाहीत.

आम्ही चौघे मोठे आणि एक नातू. संपूर्ण घराला सॉफ्टनर लावायचा तर दिवसाचे ६०० लिटर धरावे लागतील आणि २५ लिटर रेझिनचे यंत्र दर पाच दिवसांनी मीठ मागेल. पण या ६०० लिटरमध्ये फ्लशचे, फरशी पुसण्याचे, कुंड्यांचे पाणीही आले, ज्याला मऊपणाची काडीचीही गरज नाही. नव्या इमारतींत स्नानगृहांची, फ्लशची आणि स्वयंपाकघराची नळजोडणी डक्टमधून वेगवेगळी उतरते. प्लंबरला दाखवल्यावर दोन स्नानगृहे आणि धुण्याचे यंत्र एका वेगळ्या नळावर आहेत असे दिसले. त्या नळावर दिवसाचे ३५० लिटर, म्हणजे १४७ ग्रॅम काठिण्य. १५ लिटर रेझिन ७५० ग्रॅम धरते, पाच दिवस चालते, दर वेळी सव्वादोन किलो मीठ घेते, आणि धुण्या-खळाळण्यात १०० ते १२० लिटर पाणी घालवते. टँकरचे पाणी विकत घेणाऱ्या सोसायटीत हे शेवटचे वाक्य विसरून चालत नाही.

हाताने झडप फिरवायच्या १५ लिटरच्या यंत्राचा बसवण्यासह भाव २६,५०० रुपये निघाला. दहा वर्षांत विभागला तर वर्षाला २,६५०. महिन्याला साडेतेरा किलो मीठ १८ रुपयांच्या भावाने २४३ रुपये, वर्षाचे २,९१६. तपासणी संचाचे ३०० धरले तर वर्षाचा खर्च ५,८६६ रुपये. जमेच्या बाजूला दोन गीझरचे एलिमेंट २,५००, साबण-पावडरीची बचत १,८००, फरशी आणि नळ घासण्याच्या द्रव्यांची ७००. एकूण ५,००० रुपये. म्हणजे वर्षाला साडेआठशेचा तोटा. आणि जमेची बाजूही मी उदार हाताने मांडली आहे, कारण गीझर वर्षातून एकदा उघडून, सायट्रिक आम्लाने थर विरघळवून साफ करून घेतला तर ५०० रुपयांत भागते आणि एलिमेंट जळत नाही. (फरशीचे अॅसिड मात्र गीझरमध्ये कोणाला ओतू देऊ नये, टाकीचा काचेसारखा लेप आणि तांबे दोन्ही जातात.) तसे केले तर तोटा आणखी दीड हजाराने वाढतो. पैशाच्या दृष्टीने हा व्यवहार बसत नाही, आणि जो विक्रेता तो बसवून दाखवतो त्याच्या बेरजेत काही तरी दडवलेले असते.

या हिशेबानंतर मी सात-आठ महिने काहीच घेतले नाही. थर्मोस्टॅट खाली आणला, अंगाचा साबण बदलून कृत्रिम द्रव्याची वडी आणली, डाळ शिजवायला आणि चहाला पिण्याच्या यंत्रातील आरओचे पाणी वापरू लागले. चहावर जो तेलकट तवंग येई तो त्याने थांबला. घर भाड्याचे असते, किंवा पाण्याचे काठिण्य २०० च्या आत असते, तर मी इथेच थांबले असते, आणि तशा कोणालाही आजही इथेच थांबायला सांगेन. महापालिकेचे पाणी दोन-तीन वर्षांत नक्की येणार असे कळले असते, तरीही थांबले असते.

मन बदलले ते वेगळ्या कारणाने. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई दर शनिवारी स्नानगृहाच्या फरशीवर अॅसिड टाकून घासत. त्याशिवाय पांढरे डाग निघतच नव्हते. दार लावून घेतलेल्या त्या चार बाय सहाच्या जागेतून त्यांच्या खोकण्याचा आवाज मला हॉलमध्ये ऐकू येई, आणि माझ्या खतावणीत '७०० रुपये, घासण्याची द्रव्ये' एवढीच नोंद होती. एका शनिवारी त्या डोळे पुसत बाहेर आल्या, तेव्हा मी अॅसिडची बाटली बंद केली. त्यानंतर डाग कसे निघणार हा प्रश्न माझ्यावर आला. म्हणून १५ लिटरचे यंत्र आले, फक्त स्नानगृहांच्या नळावर.

घेतानाच्या दोन गोष्टी कामाला आल्या. यंत्रातून पाणी जायला दाब लागतो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर आहोत म्हणून गच्चीच्या टाकीचा दाब पुरतो, अकराव्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना पंप लावावा लागला असता. आणि यंत्राच्या आधी गाळ अडवणारी साधी गाळणी हवीच, कारण टँकरची बारीक माती मण्यांवर बसली की ते काम करेनासे होतात.

स्वयंपाकघराला सॉफ्टनर न देण्यामागे सोडियमचे कारण आहे. प्रत्येक १ मिलिग्रॅम काठिण्यामागे पाण्यात ०.४६ मिलिग्रॅम सोडियम येतो. आमच्या ४२० च्या पाण्यात तो लिटरला १९३ मिलिग्रॅम झाला. दोन लिटर प्यायले तर ३८६. दिवसाला एकूण २,००० मिलिग्रॅमच्या आत राहावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि माझ्या पतींना रक्तदाब आहे. आंघोळीला त्याने काही होत नाही; पिण्याला मात्र मूळ पाणी आरओतून घेतलेले बरे.

कुंड्यांनाही हे पाणी देत नाही, आणि याचे कारण मला माहेरामुळे माहीत होते. माझे माहेर वाळवा तालुक्यातले. कृष्णाकाठी उसाला पाणी पाजून पाजून ज्या जमिनी चोपण झाल्या, त्यांतील एक तुकडा आमचाही होता. चोपण म्हणजे मातीच्या कणांना सोडियम चिकटतो, माती फुगते, पाणी झिरपत नाही, वर पापुद्रा धरतो. तिच्यावर उपाय म्हणून वडील जिप्सम टाकत. जिप्सममधला कॅल्शियम मातीतल्या सोडियमला हाकलून त्याची जागा घेतो आणि पावसाळ्यात तो सोडियम निचरून जातो. सॉफ्टनर घरात नेमके याच्या उलट करतो. वडिलांनी पोती भरभरून पैसे देऊन जे जमिनीत घातले, ते मी पैसे देऊन पाण्यातून काढते आहे, हे ध्यानात आले तेव्हा मला हसू आले.

याच कारणासाठी सोसायटीच्या सभेत मी सामायिक सॉफ्टनरच्या विरोधात बोलले. एका घराचे महिन्याला साडेतेरा किलो मीठ सांडपाण्यात विरते. १६० घरांनी तेच केले तर ते २,१६० किलो होते. आमच्या सांडपाणी प्रकल्पात मीठ वेगळे होत नाही. तेच पाणी बागेला जाते, आणि बाग काळ्या मातीची आहे. एकाने मला विचारले, "मग तुम्ही कसा बसवलात?" प्रश्न रास्त होता. ठराव बारगळला, मणी धुण्या-खळाळण्याचे पाणी बागेच्या टाकीकडे न जाता वेगळे काढता येईल का, हे पाहण्यासाठी एक समिती नेमली गेली, आणि सभेच्या रिवाजाप्रमाणे तिच्यात मलाच घेतले.

यंत्र येऊन आता १४ महिने झाले. पहिले काही दिवस सगळ्यांची एकच तक्रार होती की साबण अंगावरून जातच नाही, अंग बुळबुळीत लागते. साका बसत नाही म्हणून तसे लागते. पेठेतही तसेच लागत होते, आम्ही विसरलो होतो. धुण्याची पावडर निम्म्याच्या थोडी वर आली आहे. गेल्या महिन्यात गीझर उघडून पाहिला, तळाशी चमचाभर चुरा होता, एलिमेंट तांबूस दिसत होते. फरशी साध्या साबणाने निघते.

दर पाचव्या दिवशी रात्री जेवणानंतर मी झडप फिरवते, मिठाचे पाणी सोडते, पाऊण तास बसते आणि शेवटी संचात नमुना घेऊन निळे झाले का पाहते. गेल्या गुरुवारी चौथ्याच दिवशी सकाळी नमुना तांबडा झाला. मण्यांचे काही बिघडले की काय म्हणून मी मूळ पाणी तपासले, तर ते ५६० निघाले. खाली जाऊन चौकशी केली तेव्हा पहारेकऱ्याने सांगितले की सोमवारपासून टँकरवाला बदलला आहे.